वाकडी अवतरणचिन्हं आणि रूथमावशी

फोन आला तेव्हा मी नागापूरच्या कारखान्यात संगणकासमोर बसले होते. पलीकडून रूथमावशींचा मुलगा शमुवेल अगदी हळू म्हणाला, "वंदनाताई, आई पहाटे प्रभूघरी गेली." मी "बरं" एवढंच म्हणाले... आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ पडद्यावरच्या ओळी वाचत राहिले. अक्षरं पाण्याच्या तळाशी पडल्यासारखी हलत होती. त्या दिवशी मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. आठवतं ते भिंगारच्या गल्लीतलं मऊ, पिवळं ऊन आणि मावशींच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या अनोळखी चपला.

आमच्या दोघींच्या घरांची एक भिंत सामाईक होती. मी कर्जतहून नोकरीसाठी इथं आले तेव्हा पहिल्या दिवशी चहा त्यांनीच दिला. मावशींनी एका लहानशा छापखान्यात आयुष्य काढलं होतं, आधी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत आणि पुढं मुद्रितं तपासत. छापखाना कधीच बंद पडला, पण नजर तशीच राहिली. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा त्या उलगडून वाचायच्या, चुकीच्या अक्षरावर नख ठेवायच्या आणि मगच तो टाकायच्या.

कारखान्यात मी तेव्हा पॅकिंगला होते. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे. यंत्रांच्या रोजच्या नोंदी आपोआप एकत्र करणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकानं ओळीनं करायच्या कामांची यादी, मी स्वतः शिकून लिहिली होती. साहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत चालली तर ऑफिसात या, नाहीतर आहे ते बरं आहे." ती चालेना. पहिल्याच ओळीत चूक आहे, असं संगणक सांगायचा आणि मला तिथं काहीच दिसायचं नाही. रविवारी उपासनेहून परतताना मावशी डोकावल्या. माझे डोळे रडून लाल झालेले.

"कागदावर काढलंस का हे?" त्यांनी विचारलं.

"मावशी, हे इंग्रजी आहे. त्यातही संगणकाचं."

"असू दे गं. मला अर्थ कुठं लावायचाय?"

काढलेला कागद घेऊन त्या खिडकीशी बसल्या. मी ज्यावरून शिकले त्या पुस्तकातला नमुना शेजारी उघडून ठेवला आणि दोन्हींवरून एकाच वेळी बोट फिरवू लागल्या. खोलीत फक्त त्यांच्या बांगडीचा आवाज होता... किती वेळ गेला कोण जाणे. मग त्या म्हणाल्या, "पुस्तकातली अवतरणचिन्हं सरळ उभी आहेत. तुझी वाकडी, शेपटीवाली. आणि इथं दोन बारीक रेघा हव्यात, तुझ्याकडं एकच लांब आहे."

मी पत्रं लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रिप्ट लिहिली होती. ते आपल्या मनानं चिन्हं सुशोभित करत होतं आणि ती शोभा संगणकाला कळत नव्हती. सगळं साध्या एडिटरमध्ये नेऊन चिन्हं नव्यानं टाकली. स्क्रिप्ट बाराव्या ओळीपर्यंत पळाली आणि पुन्हा अडली.

"तिथं तर काहीच नाही, नुसती मोकळी जागा आहे," मी म्हणाले.

मावशी हसल्या. "आमच्याकडं मोकळी जागापण शिशाची असायची, बाळा. जाड, बारीक, कितीतरी तऱ्हांची. छापल्यावर सारखीच दिसायची, पण बोटाला फरक कळायचा."

मी बाणाचं बटण दाबत त्या जागेतून चालून पाहिलं. बाकीच्या ओळींत चार पावलं पडत होती आणि बाराव्या ओळीत एकच उडी. तिथं टॅब, म्हणजे एकाच दाबात पडणारी रुंद मोकळी जागा, बसला होता. तो काढून चार वेळा स्पेस दिली. स्क्रिप्ट शेवटपर्यंत गेली. सोमवारी मी ऑफिसात बसले.

पुढं त्यांची दृष्टी मंदावली. मग माझ्या ओळी मीच त्यांना वाचून दाखवायची, चिन्हांसकट... कंस सुरू, अवतरण सुरू, अवतरण बंद. त्या डोळे मिटून, गीत ऐकावं तशा ऐकायच्या. शेवटच्या महिन्यात कामाच्या नावाखाली माझं जाणं कमी झालं. ते मनाला लागून आहे. शेवटचं भेटले तेव्हाही मी घाईघाईनं वाचलं. "स्वल्पविराम गिळलास," एवढंच त्या म्हणाल्या आणि उशीवर मान वळवली.

गेल्या आठवड्यात शमुवेल मला कबरीचा दगड कोरणाऱ्याकडं घेऊन गेला. मजकूर त्यानं घरच्या एका जुन्या फाइलमधून उचलून पाठवला होता. दुकानातल्या पडद्यावर तो नव्या फॉन्टमध्ये उघडला होता आणि वेलांटी एक घर पुढं सरकली होती. 'प्रभूमध्ये विसावली'चं 'प्रभूमध्ये वसिावली' झालं होतं. शमुवेलनं दोनदा वाचूनही त्याला ते दिसलं नव्हतं. त्याला कसं दिसावं...

मी ते अक्षर पुसून पुन्हा टाईप केलं. मग नावापासून शेवटपर्यंत एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं.

"आता बरोबर हाय का, ताई? एकदा दगडावर उतरलं की पुसता येत न्हाई," कारागीर म्हणाला.

"बरोबर आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "कोन तुमच्या या?"

"मावशी."

"सख्ख्या?"

शमुवेल शेजारीच उभा होता. मी म्हणाले, "हो." त्यानं ती चूक दुरुस्त केली नाही, आणि मलाही करावीशी वाटली नाही.