दीड दिवसाची रजा

सरोजिनी फडणीस कुणाच्याही नोकरीत नव्हत्या, आणि तरी त्या दर वर्षी न चुकता रजेचा अर्ज करायच्या. त्यांच्या संसारात जे काही बिघडलं, ते या अर्जामुळे.

बाहेरच्या कंपन्या चाकण-भोसरीकडे यायला लागल्या तेव्हाची, १९९६ सालची गोष्ट. जर्मनीतल्या एका कंपनीला आपल्या यंत्रांची माहितीपुस्तकं इथल्या कामगारांसाठी मराठीत हवी होती. सरोजिनीबाईंची जर्मन पक्की. शनिवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराला लागून टेबल मांडून त्यांनी काम सुरू केलं. करारात स्वच्छ लिहिलं होतं की त्या स्वतंत्र अनुवादक आहेत आणि कंपनी त्यांची ग्राहक. पण करार काही म्हणो, बाई पडल्या एकनिष्ठ. दुसऱ्या कुणी काम आणलं तर "आम्हाला आमचं आहे" म्हणून दारातूनच बोळवण करायच्या.

पहिल्या वर्षी गणपती आले. यजमान श्रीधरराव जिल्हा परिषदेत हेडक्लार्क. त्यांचा जन्मच बहुधा तीन प्रतींत झाला असावा. ते म्हणाले, "अगं, अर्ज टाक आधी. न विचारता गैरहजर राहिलीस तर सेवेत खंड पडतो."

"अहो, पण मी सेवेत कुठे आहे?"

"नाहीस म्हणून शिस्त सोडायची का?"

मग त्यांनी मजकूर सांगितला आणि बाईंनी तो जर्मनमध्ये घातला: घरी दीड दिवसाचा गणपती असल्याने दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती. तिकडचे विभागप्रमुख हेर ब्रांट, म्हणजे आपल्याकडचे ब्रांटसाहेब, यांनी डोकं खाजवलं असेल. पण माणूस भला. त्यांनी एकच शब्द लिहून पाठवला, 'मंजूर'. तेव्हापासून दर वर्षी अर्ज जायचा आणि मंजुरी यायची. मखर बांधताना श्रीधरराव स्टुलावरून विचारायचे, "साहेबांनी रजा मंजूर केली का?" बाई "केली" म्हणायच्या आणि मगच मोदकांचा नारळ फोडायच्या.

असे चौदा गणपती झाले. २०१०च्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं. फायली चाळताना त्यांना हे चौदा अर्ज सापडले होते. वकिलांचं म्हणणं असं, की जी व्यक्ती वर्षानुवर्षं एकाच ग्राहकाचं काम करते आणि रजासुद्धा त्यालाच विचारून घेते, ती कायद्याच्या नजरेत नोकर ठरू शकते. मग नोकराचे हक्क आले, भारतात कंपनीचं बिऱ्हाड आहे असं धरून कर आला. सोबत बाईंच्या सहीसाठी एक प्रतिज्ञापत्र होतं: मी कंपनीच्या हुकमाखाली कधी काम केलं नाही. मी इतरांचीही कामं करते. ती पत्रं केवळ माहितीसाठी होती, मी कधीही रजा मागितलेली नाही. सही केली तर यापुढे सुटीसुटी कामं मिळतील, नाही तर आजपासून बंद.

हेर ब्रांट यांचा फोन आला. "फ्राऊ फडणीस, कृपा करून सही करा. माझ्या हातात काही राहिलेलं नाही."

श्रीधरराव खुर्चीत मिटून बसले होते. "माझंच चुकलं. तुला अर्ज करायला मीच लावलं."

"तुम्ही कशाला मनाला लावून घेता? रीत म्हणून केलं आपण."

"मग टाक सही करून. कोण बघायला येतंय?"

बाईंना राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. आयुष्यात त्यांनी एक वाक्य खोटं उतरवलं नव्हतं. या कागदात तर चौदा वर्षंच खोटी पाडायची होती. पण टेबल रिकामं झालं तर उरलेले दिवस काय करायचं, हे त्यांना सुचेना. पंचावन्नाव्या वर्षी नवीन कोण दार ठोठावणार? आलेल्यांना तर त्यांनीच परत पाठवलं होतं. दोन दिवस कागद पोळपाटाखाली पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी चाळीस पानांचं काम आलं. उद्या संध्याकाळपर्यंत हवं होतं. जमणार नसेल तर कळवा, दुसऱ्याला देऊ, असं खाली लिहिलं होतं. ब्रांटसाहेबांचं नाव कुठेच नव्हतं.

श्रीधरराव स्टुलावर चढून मखराची दोरी ताणत होते. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "साहेबांनी रजा मंजूर केली का?"

विचारलं आणि त्यांचा हात तसाच दोरीवर थांबला.

"कुणाला मागू?" बाई म्हणाल्या. "मी कधीच रजा मागितली नव्हती, असं लिहून दिलंय ना मी."

मग न फोडलेला नारळ त्यांनी देवापुढे ठेवला, पदराला हात पुसले आणि त्या टेबलाशी जाऊन बसल्या.