महापुरातली तहान

“ताई, तुमच्या दोन्ही किडन्यांचं काम जवळजवळ थांबलंय,” असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझ्या डोक्यात संध्याकाळची कणीक होती. कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत माझी खानावळ होती. कॉलेजची पोरं आणि एमआयडीसीतले कामगार जेवायला असायचे. पुढच्या आठवड्यात येते, असं मी म्हणाले. डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद माझ्याकडे फिरवला आणि एका आकड्याभोवती पेनानं गोल काढला. “पुढचा आठवडा नाही. आजच ॲडमिट व्हायचं.”

तो आकडा क्रिएटिनिनचा होता. क्रिएटिनिन म्हणजे रक्तात कचरा किती साचलाय ते दाखवणारं माप. धडधाकट माणसाचं एकच्या आसपास असतं, माझं अकराच्या वर गेलं होतं. मोरी तुंबली की घाण पाणी घरभर पसरतं, तसं माझ्या अंगात चाललं होतं आणि मी तशीच तीस माणसांच्या भाकरी थापत होते.

लक्षणं होती, मीच त्यांच्याकडे काणाडोळा केला. सकाळी डोळ्यांखाली सूज यायची, चपला घट्ट व्हायच्या. तोंडाला पितळ चाटल्यासारखी चव असायची. त्यामुळे मला रस्सा अळणी लागायचा आणि मी मीठ वाढवत जायचे. पोरं म्हणायची, “काकी, आज बी खारट झालाय की.” मी त्यांनाच झापायचे, घरी आईच्या हातचं खा जा म्हणून. कुणाला असं काही होत असेल तर कृपा करून रक्तदाब मोजून घ्या. माझा कित्येक वर्षं वाढलेला होता आणि त्यानंच किडन्या खाल्ल्या. मशीन दोन मिनिटांत सांगतं, पण ते दंडाला बांधायला माणसाला सवड नसते.

मग डायलिसिस सुरू झालं. डायलिसिस म्हणजे अंगातलं रक्त नळीतून बाहेर काढून मशीनमध्ये धुवायचं आणि परत अंगात सोडायचं. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास. त्यासाठी हातात फिस्टुला करतात, म्हणजे शीर आणि धमनी एकमेकींना जोडतात. त्यावर बोट ठेवलं की आत भुंगा अडकल्यासारखं गुणगुणतं. सुयांची भीती पहिल्या महिन्यात गेली. तहानेची कधीच गेली नाही.

लघवी होत नसल्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच राहतं, पुढं फुप्फुसात शिरतं आणि माणूस बसल्या जागी गुदमरतो. म्हणून दिवसाला जेमतेम तीन पेले पाणी, चहा-आमटी त्यातच धरायची. मी तोंडात लवंग धरायचे, चुळा भरून थुंकायचे. उन्हाळ्यात शेजारीण घटाघटा पाणी प्यायली तरी तिचा राग यायचा.

किडनी बदलायचाही विचार झाला. कुरुंदवाडच्या माझ्या भावाच्या तपासण्या जुळल्या. ऑपरेशनची बोलणी सुरू झाली आणि त्यानं फोन उचलायचं बंद केलं. नाही म्हणाला असता तर मी समजून घेतलं असतं. पोटचा गोळा काढून देण्याइतकंच अवघड काम ते. पण त्यानं साधं नाहीसुद्धा म्हटलं नाही. तेव्हापासून माझा माणसांवरचा विश्वासच उडाला. पेपरात दंगल आली, लाचखोरी आली, कुणी कुणाला फसवल्याचं आलं, की मी आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, मोठ्यानं वाचून दाखवायचे. बघा, माणसाची जातच अशी. मालक फौंड्रीतून दमून आलेले असायचे, हं म्हणायचे आणि जेवायचे.

डायलिसिसच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. माझ्या एका बाजूला गडहिंग्लजचे चौगुले अण्णा, सत्तरीचे, किराणा दुकानदार. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरायचे. मला ‘तंगी’ म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. दुसऱ्या बाजूला लक्ष्मी, पंचविशीची, मूळची सोलापूरकडची. नवरा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. तो रात्रपाळी करून तिला घेऊन यायचा आणि ती मशीनवर असेतोवर बाहेरच्या बाकावर झोपायचा.

आल्यावर प्रत्येकाचं वजन व्हायचं. आमचा टेक्निशियन महेश, म्हणजे मशीन लावणारा पोरगा, मागच्या वेळेपेक्षा किती वाढलं ते भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा. वाढलेलं वजन म्हणजे प्यालेलं पाणी, तिथं लपवाछपवी चालायची नाही. अण्णा दर वेळी तीन-साडेतीन किलो वाढवून यायचे. महेश विचारायचा, “अण्णा, किती चा झाले?” अण्णा म्हणायचे, “एकच रे. दोन घोट.” सगळी खोली हसायची. चहाशिवाय तो माणूस जगूच शकत नव्हता.

२००५ साली पंचगंगेला महापूर आला. पाऊस थांबेना, धरणांचं पाणी सोडलं, नदी शहरात शिरली. गडहिंग्लजच्या गाड्या बंद झाल्या, म्हणून अण्णा कोल्हापुरातच थोरल्या बहिणीकडे राहिले. शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला आणि लक्ष्मी पलीकडे अडकली.

आणि सगळीकडे पाणीच पाणी असताना नळ कोरडे पडले, कारण शहराला पाणी उपसणारी केंद्रंच बुडाली होती. आमच्या गल्लीत टँकर आला, तेव्हा घागरींची हाणामारी झाली. रोज माझ्याकडून ताक नेणाऱ्या बाईनं दुसरीच्या डोक्यात कळशी घातली. आमच्या गच्चीवरचा भरलेला पिंप कुणीतरी रिकामा करून नेला. माझं म्हणणं मालकांना पटवायला आता पेपर वाचायची गरज उरली नव्हती.

डायलिसिसला पाणी किती लागतं हे बाहेरच्याला माहीत नसतं. एका माणसाच्या चार तासांना शंभर-सव्वाशे लिटर, तेही आर.ओ. प्लँटमधून, म्हणजे बारीक जाळ्यांतून गाळून शुद्ध केलेलं. गाळताना जवळपास तितकंच वाया जातं. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बाहेरच्या बाकांवर बसवून सांगितलं, “टँकर रोज एकच मिळतोय. तेवढ्यात सगळ्यांचे चार-चार तास होणार नाहीत. ज्यांचं वजन कमी वाढलंय आणि पोटॅशियम ताब्यात आहे, त्यांना अडीच-तीन तासांवर काही दिवस काढता येतील. ज्यांना झेपणार नाही, त्यांचा वेळ मी कमी करणार नाही.” पोटॅशियम हा रक्तातला क्षार. तो वाढला की हृदय अचानक थांबू शकतं, म्हणून आम्हाला फळं, शहाळं, टोमॅटो बंद.

आता जुंपणार, असं मी मनात म्हटलं. आणि जुंपलीच. एका पेशंटच्या मुलानं स्वतःचा टँकर आणला आणि हे पाणी माझ्या वडिलांनाच, म्हणून अडून बसला. महेश त्याला म्हणाला, “साहेब, टाकी एकच हाय. तुमचं पाणी वेगळं कसं काढू सांगा की.” मुलगा बराच वेळ तणतणला. शेवटी टँकरवाल्यानंच पाइप सोडला, त्याला पुढची खेप गाठायची होती.

लक्ष्मीच्या नवऱ्याचा फोन दुसऱ्या दिवशी आला. महेशनं मशीन लावता लावता आम्हाला सांगितलं, की तिला आडवं होता येत नाही, उशांना टेकून बसून राहते, सुजलीय. पाणी उतरलं की आणतो म्हणाला. अण्णा छताकडं बघत कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले.

घरी गेल्यावर मी पाणी आणखी कमी केलं, दिवसाला एक पेला. माझं वजन वाढलं नाही तर माझे तास कमी लागतील, पाणी शिल्लक राहील, ती आली तर तिला मिळेल, एवढा साधा हिशोब. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मालकांनी पेला माझ्या तोंडाला लावला असता. जीभ टाळूला चिकटायची, ओठ फुटले. मला स्वतःचाच राग येत होता. सख्ख्या भावानं मला सोडलं आणि मी कोण कुठल्या मागवाल्याच्या बायकोसाठी वाळत बसलेय, असं वाटायचं. तरी दुसरा पेला भरवत नव्हता.

पुढच्या पाळीला माझं वजन महेशनं फळ्यावर लिहिलं, जेमतेम अर्धा किलो वाढलेलं. मी फळा वाचला आणि परत वाचला. माझ्या नावाच्या वर लिहिलेल्या बाईचं पाऊण किलो. टँकरवाल्या मुलाच्या वडिलांचं एक. आणि अण्णांचं, चहाबाज अण्णांचं, अर्धा किलो. कुणीच कुणाशी काही ठरवलेलं नव्हतं. महेश हातात खडू घेऊन तसाच उभा होता. “अण्णा, चा?” त्यानं हळूच विचारलं.

“चा प्यायचा बेसर आला,” अण्णा म्हणाले. बेसर म्हणजे कंटाळा. आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या दिवशी मला रडू आलं ते आजारपणातलं पहिलं. निदान झालं तेव्हाही मी रडले नव्हते.

लक्ष्मी आली ती त्याच दुपारी. शिरोलीपर्यंत टेंपो, पुढं बचावाची नाव, अलीकडच्या काठापासून ट्रॅक्टर. नवऱ्यानं आणि ट्रॅक्टरवाल्यानं तिला खुर्चीवर बसवून वर आणली. चेहरा ओळखू येत नव्हता, छातीतून बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. चारही खुर्च्या भरलेल्या होत्या. मला नुकतंच बसवलं होतं, सुया टोचायच्या बाकी होत्या. डॉक्टर माझ्याकडे आले. “ताई, तुमचा पोटॅशियमचा कालचा रिपोर्ट काठावर आहे. मी तुम्हाला उठा म्हणू शकत नाही.”

मी उठले. यात मोठेपणा काही नव्हता. तो आवाज ऐकत चार तास शेजारी बसणं मला जमलं नसतं.

बाहेर मालक माझ्यावर उखडले. इतक्या वर्षांत त्यांनी आवाज चढवलेला मला आठवत नाही. “लै दानशूर झालीस व्हय? तुला काय झालं तर म्या कुणाकडं बघू?” ते बरोबरच होतं. मी म्हटलं, “ओरडा. पर मला घरी न्हेऊ नका. हितंच बसूया.” आम्ही बाकावर बसलो. शेजारी लक्ष्मीचा नवरा होता. पहिल्यांदाच तो झोपला नव्हता. अण्णा आपले अडीच तास संपवून बाहेर आले आणि आमच्यात येऊन बसले.

लक्ष्मीला पाच तास मशीन चाललं. संध्याकाळी तिला आडवं होता आलं. मला दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलं, तोवर माझ्या पायांतली ताकद गेली होती. डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, आणि तो बघताना त्यांचा चेहरा मला आवडला नाही. पण मी निभावले. नंतर ते मला रागावले. पाण्याचा असला हिशोब स्वतःच्या मनानं करायचा नसतो, म्हणाले. तुम्हालाही मी हेच सांगेन. आम्ही वाचलो ते नशिबानं आणि त्यांच्या डोळ्यांत तेल घालून जागण्यानं.

पूर ओसरला, नळाला पाणी आलं. पुढच्याच पाळीला सगळ्यांची वजनं बेसुमार वाढली आणि सगळ्यांनी शिव्या खाल्ल्या. अण्णांचं चार किलो.

पुराला आता दोन वर्षं झाली, माझं डायलिसिसचं चौथं वर्ष चालू आहे. माणसांवर विश्वास ठेवा, असा उपदेश मी करणार नाही. गच्चीवरचं पाणी कुणी नेलं ते मला ठाऊक आहे, आणि माझं त्या घराशी बोलणं नाही. पण माणसाची जातच अशी, हे वाक्य आता माझ्या तोंडून पुरं होत नाही. मधेच तो फळा डोळ्यांसमोर येतो.

अण्णा त्याच हिवाळ्यात गेले, हृदयविकारानं. त्या आठवड्यामुळे का, असं मी डॉक्टरांना विचारलं. नाही, म्हणाले. मी मान डोलावली, पण खात्री मला आजही नाही.

काही दिवसांनी अण्णांचा मुलगा उरलेली औषधं परत द्यायला आला. कुणाला तरी उपयोगी पडतील, म्हणाला. मी आणि लक्ष्मी मशीनवर होतो. पिशवी हातात घेऊनच तो माझ्या खुर्चीपाशी थांबला. “अण्णा तुमचं नाव काढायचे. एक इचारू का? पुरात ते आत्तीकडं राहिलते. तिच्या घरात चा थेंबभर घेतला न्हाई त्यांनी. तिनं हातात कप दिला तर खाली ठिवला. आठ दिवस. कुणापुढं कप खाली ठिवणारा माणूस नव्हता ओ तो. आत्ती म्हणते, माझ्यात काय खोट दिसली त्याला? भाऊबीजेला तिनं ओवाळलं न्हाई त्यांना. दारातनं माघारी आले. तवा बी काय बोलले न्हाईत. तुमाला काय म्हाईत हाय का?”

मी त्याला सगळं सांगितलं. टँकर, तास, फळा. बहिणीला सांगितलं असतं तर तिनं बळंच पाजलं असतं, म्हणून गप्प राहिले असतील, असंही म्हटलं. मग सुया न लावलेल्या हातानं शेजारची खुर्ची दाखवली. “ही लक्ष्मी.”

तो तिच्याकडे बघत राहिला. लक्ष्मी नळ्या सांभाळत उठून बसायला लागली, तसा त्यानं हातानंच नको म्हटलं.

“आत्तीला सांगतो,” तो म्हणाला आणि औषधांची पिशवी हातात तशीच घेऊन जिना उतरून गेला.