मुकादमाचा अंगठा

हृदयविकाराच्या झटक्यातून उठल्यापासून मिठागरावरच्या त्या मजुराला एक खोड लागली होती. बोलता बोलता तो मध्येच हात वर करायचा, बैल थांबवावा तसा. छातीतला ठोका चुकला की पुढचा ठोका पडेपर्यंत गप्प राहायचा आणि मग अडलेल्या शब्दापासून पुढे बोलायचा. पनवेलच्या त्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. औषधाची बाटली घेण्याआधी त्याचं मनगट माझ्यापुढे यायचं. "बगा, लंगडतंय ना?" लंगडतच असायचं. डॉक्टरांनी त्याला मिठागरावर जायला सक्त मनाई केली होती.

एकदा तो बाकावर बसला असताना त्याचा मुकादम आला. त्याने याचं मनगट अंगठ्याखाली दाबलं, डोळे मिटले आणि वैद्याच्या थाटात म्हणाला, "घोडा हाय घोडा! सोंग पुरे. उद्या नाय आलास तर तुझ्या जागी दुसरा लावतो."

मुकादम गेल्यावर मी चिडून म्हणालो, "अहो, नाडी अंगठ्याने बघत नाहीत. अंगठ्यात आपलीच नाडी उडते. मेल्याने स्वतःचीच बघितली!"

त्याने हात वर केला. आम्ही दोघेही ठोक्याची वाट बघत थांबलो. मग तो म्हणाला, "त्याची घोड्यावानी हाय ना? मंग उद्या त्यालाच धाडू मीठ ओढाया."

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडत असताना तो समोरून चालला होता. खांद्यावर मीठ ओढायची लाकडी फावडी होती. मी हाक मारली. त्याने हात वर केला, पण या वेळी तो थांबला नाही.