नाव विचारलं नव्हतं

पडद्यावर माझं वाक्य होतं. नाव नव्हतं.

'जेवताना सगळे एकमेकांच्या डब्यात हात घालतात. माझ्या डब्यात कुणी घालत नाही. मी सहा डिसेंबरला पहिल्यांदा रजा घेतली, तेव्हापासून.'

ठाण्यातलं आमचं ऑफिस. लोकांना फोन करायचा, मोबाइलवर लिंक पाठवायची, बोलत बोलत सर्वेक्षण भरून घ्यायचं. दर फोनला एक वाक्य म्हणायचं: "तुमचं नाव कुठेही येणार नाही." जिभेवर घट्टा पडला होता त्या वाक्याचा. मग कंपनीनं आम्हा कर्मचाऱ्यांचंच सर्वेक्षण काढलं. वर तेच वाक्य. आणि मी, रोज ते म्हणणारी, त्यावर विश्वास ठेवून बसले. नाव विचारलं नव्हतं. विभाग, वय, स्त्री की पुरुष आणि राहण्याचं ठिकाण तेवढं विचारलं होतं.

मीटिंगमध्ये मॅनेजर वाचत होते. "मराठी विभाग. तिशीतली महिला. राहणार दिवा." थांबले. हसले. "आता ह्या कोण बरं?"

मराठी विभागात दिव्याहून येणारी मी एकटी. सगळ्या माना वळल्या. कान तापले माझे. खाली बघत राहिले, चोरी मीच केल्यासारखी.

"अगं, सरळ सांगायचंस ना," मॅनेजर म्हणाले. "आपल्याकडे असलं काही नसतं. उद्या सगळे तुझ्याच डब्यातलं खाऊ."

घरी आईला फक्त शेवटचं वाक्य सांगितलं. तिला खरं वाटलं. पहाटे उठून तिनं जास्तीच्या भाकऱ्या थापल्या. कुणाला नको म्हणायला जागा नको म्हणून वांग्याचं भरीत केलं. मोठा डबा शेजारून मागून आणला.

जेवायच्या सुट्टीत सगळे जमले. मॅनेजरनी भाकरीचा तुकडा मोडला, भरीत लावलं, तोंडाजवळ नेला. "काढ रे फोटो." फोटो ऑफिसच्या ग्रुपवर गेला. खाली टाळ्यांची चित्रं पडली. मी फोटोत हसतेय. हस म्हणाले म्हणून.

मग हात धुवायला गेले. बेसिनखालच्या कचऱ्याच्या डब्यात टिश्यूत गुंडाळलेला तो तुकडा होता. भरितासकट. एकटा तोच नव्हता.

"आवडलं का गं त्यांना?" आईनं संध्याकाळी विचारलं. मी हो म्हटलं.

माहिती जपण्याचा कायदा आला आहे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलाही होता. मी कंपनीकडे तक्रार केली. माझं उत्तर काढून टाका, ते कुणाकुणाला दाखवलं ते सांगा, ग्रुपवरचा फोटो काढून टाका. उत्तर आलं: 'सर्वेक्षणात नाव घेतलेले नाही. त्यामुळे आपली ओळख उघड झाली असे म्हणता येत नाही.' म्हणजे अख्ख्या ऑफिसनं ओळखलं, पण कायद्यानं नाही. शेजारच्या खुर्चीवरची म्हणाली, "जाऊ दे ना यार. नोकरी टिकव." तीही फोटोत होती.

आणि मी टिकवत होते. रोज तेच वाक्य म्हणत होते.

मग एक दिवस खडवलीकडचा फोन लागला. अंगणवाडीतली मदतनीस. सर्वेक्षणात गाव होतं, हुद्दा होता. मग प्रश्न, वरिष्ठांकडून त्रास होतो का? तिनं हळूच विचारलं, "ताय, माजा नाव नाय ना येनार कुठं?"

वाक्य ओठांवर आलं. गिळलं.

"तुमच्या अंगणवाडीत मदतनीस किती?"

"मीच येकली."

"मग नाव कशाला लागतंय, ताई? गाव लिहिलं की कळलंच."

तिच्या मागे पोरांचा गलका. मग म्हणाली, "तर मंग तरास नाय, असाच लिवते."

तिनं तसं लिहिलं. तिला काय त्रास होता, मला कधी कळणार नाही. कुणालाच नाही.

फोन रेकॉर्ड होतात. मॅनेजरनी बोलावलं. "वाक्य का नाही म्हटलंस?"

"खोटं आहे म्हणून."

"आणि तुझ्या खऱ्यानं काय झालं? बाईचं तोंड बंद केलंस तू."

ते बरोबर बोलत होते. खोटं सांगितलं तर ती पकडली जाते, खरं सांगितलं तर गप्प बसते. तिसरं दार या लोकांनी ठेवलेलंच नाही. मला रडू आलं नाही. चीड आली.

त्यांनी कोरा कागद सरकवला. "लिहून दे, यापुढे स्क्रिप्टप्रमाणे बोलेन. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मला माहीत होतं, माझ्या खुर्चीवर दुसरी बसेल. वाक्य चालूच राहील. आईला आता काय सांगायचं, तेही सुचत नव्हतं.

मी कागद ओढला. डब्याचं तेच वाक्य लिहिलं. त्याखाली कचऱ्यातल्या भाकरीचं लिहिलं. खाली सही केली आणि पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. यापुढे जे बोलीन ते असंच बोलीन. ओळखायचे कष्ट कुणाला नकोत.