टेस्टिंगमधला चौथा खेळाडू

आधीच सांगते, या कॉलममध्ये प्रत्येक किश्श्याखाली "अंगावर काटा आला" लिहिणारी मुलगी मी नाही. मी तिच्याखाली हसण्याचे इमोजी टाकून पळून जाणारी आहे. भुताचा आवाज काढून गल्लीतल्या पोरांना रडवणं हा माझा शाळेपासूनचा धंदा. शेजारच्या काकू, प्रिन्सिपल मॅडम, टेम्पोवाला – "बाडा बाडा बाडा, फूलबाग, कंपूऽऽ" – सगळ्यांच्या नकला येतात मला. त्यामुळे झालंय काय, की घरात काही विचित्र घडलं की पहिला शक माझ्यावर. आणि सगळा घोळ तिथेच आहे...

आम्ही ग्वाल्हेरला कंपूत राहतो, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत. खाली पप्पांचं मेडिकल स्टोअर, वर आम्ही तिघं. दुपारी अडीच ते चार शटर अर्धं खाली. आधी त्या वेळात पप्पा जेवायचे, पेपर वाचायचे, आईशी भाजीत मीठ जास्त की कमी यावर भांडायचे. मागच्या वर्षी माघ महिन्यापासून हे सगळं बंद झालं. जेवायचे आणि पलंगावर बसून भिंतीकडे बघायचे. बस.

कारण माझी आत्या. पप्पांची मोठी बहीण, ते तिला जीजी म्हणायचे. ती फूलबागेजवळ राहायची. दर दिवाळीला आमच्याकडे दोघांचा अष्टा-चंगाचा डाव रंगायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – खडूनं पंचवीस घरं आखायची, चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी घरं सोंगटी चालवायची. चारही उताण्या म्हणजे चंगा, चारही पालथ्या म्हणजे अष्टा, आठ घरं. दुसऱ्याची सोंगटी मारता येते. ज्याच्या चारही सोंगट्या आधी मधल्या घरात पोचल्या, तो जिंकला. पोरांचा खेळ आहे. पण हे दोघं साठीच्या आसपासचे असून असे खेळायचे जसं काही किल्ला जिंकायचाय.

त्या माघाआधीच्या दिवाळीत, हे आईनं नंतर सांगितलं, आत्याची शेवटची सोंगटी मधल्या घरापासून एक पाऊल बाहेर होती. ती मारायला पप्पांना तीन हवे होते. कवड्या टाकल्या. दोन उताण्या, एक पालथी, आणि एक सतरंजीच्या काठाला टेकून तिरकी.

"तीन!" पप्पा.

"दोन. ती तिरकी आहे, तिला मोजत नाहीत."

"उताणीच आहे जीजी, चश्मा लाव."

"तू लहानपणापासून लबाड आहेस, बाबू."

"आणि तू लहानपणापासून रडकी!"

पप्पांनी सोंगटी मारली. आत्या फराळ न करता उठून गेली. दोन दिवसांनी भाऊबीज होती... पप्पा गेलेच नाहीत. "तिनं आधी फोन करावा." तिनंही केला नाही. मोठे लोक, यार! आणि माघात एका सकाळी चहा घेता घेता आत्या गेली. एका कवडीवरून तीन महिने अबोला, आणि मग बोलायला माणूसच नाही. पप्पा रडले नाहीत. नुसते बसून राहिले.

आता गेमकडे येते. मी आणि माझी मैत्रीण नेहा, आम्ही दोघींनी अष्टा-चंगाचाच मोबाईल गेम बनवला. कोडिंग तिचं, चित्रं, आवाज आणि कागदपत्रं माझी. एका स्पर्धेत तो द्यायचा होता, आणि नेहाला घरी दाखवून द्यायचं होतं की ती खोली बंद करून टाइमपास करत नाहीये. गेममध्ये लॉगिन, स्कोअरबोर्ड, मेडल वगैरे हवं असेल तर एका ऑनलाइन गेमिंग सर्व्हिसवर तो रजिस्टर करावा लागतो. तो फॉर्म मी सरकारी बाबूच्या आवाजात वाचत भरला – "गेम का नाम? आयकॉन लाए हो? साइज गलत है, कल आना!" नेहा हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती.

त्यात एक भानगड असते. पब्लिश करेपर्यंत गेम फक्त टेस्टर लोकांनाच खेळता येतो, आणि टेस्टरचे ईमेल आपणच भरायचे. मी तीन भरले. माझा, नेहाचा आणि पप्पांचा. आईला विचारलं तर म्हणाली, "मला नको त्या भानगडीत पाडू." पप्पांच्या फोनमध्ये गेम टाकून दिला. म्हटलं, एवढं तरी करतील.

चार-पाच दिवसांनी जेवताना पप्पा अचानक म्हणाले, "आज कशी हरवली तुला?"

मी म्हटलं, "कधी?"

"घ्या! आता विसरली. दुपारी."

आणि हसले. सच्ची सांगते, त्या हसण्यावरच माझं इतकं लक्ष गेलं की बाकी काही सुचलंच नाही. मला वाटलं, नेहा खेळत असेल. दुसऱ्या दिवशी तिला थँक्यू म्हणायला गेले.

"मी? दुपारी माझा ड्रायव्हिंग क्लास असतो, बावळट. मी क्लच सांभाळू की तुझे पप्पा?"

"मग बॉट असेल."

"बॉट लिहिलाच नाहीये मी! लिहिता आला असता तर आतापर्यंत बेंगलोरला नसते का?"

त्या दिवशी तिच्या क्लासला सुट्टी होती. तिच्या घरी, ठाठीपूरला, आम्ही लॅपटॉप उघडून बसलो. दोघींचे फोन समोर टेबलावर. दोन चाळीसला स्क्रीनवर ओळ आली – डाव सुरू. खेळाडू एक : पप्पांचं अकाउंट. खेळाडू दोन : रिकामं. नाव नाही, ईमेल नाही, काहीच नाही. आणि त्या रिकाम्या खेळाडूच्या चाली एकामागून एक येत होत्या. चंगा. दोन. अष्टा. एक.

मी आईला फोन लावला. "पप्पा काय करताहेत?"

आई एकदम हळू आवाजात बोलली, "खेळताहेत गं... गालातल्या गालात हसताहेत. तू फोन ठेव, उगाच आवाज होतो."

नेहा स्क्रीनकडे बघत म्हणाली, "ही पागल आहे का? तीन सोंगट्या फिरवतेय, चौथी घराबाहेर काढतच नाही. असं तर हरणारच."

"ही" का म्हणालीस, असं मी नंतर विचारलं तिला. तिलाही माहीत नाही.

संध्याकाळी आई भेंडी चिरत होती. मी सहजच विचारल्यासारखं केलं, "आत्या कशी खेळायची गं?" मी तर त्या वेळी नेहमी पोरांबरोबर फटाक्यांत असायची, कधी बघितलंच नव्हतं.

आई म्हणाली, "कशी म्हणजे? एक सोंगटी घरीच ठेवायची. तिघी पोचल्या की मग ती निघायची. म्हणायची, सगळ्यांनी एकदम जाऊ नये, घर सुनं पडतं. म्हणून तर हरायची बिचारी."

मी काहीतरी जोक मारायला तोंड उघडलं आणि तसंच बंद केलं. आईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

यानंतर रोज पप्पा अडीचला वर यायचे ते जिना दोन-दोन पायऱ्या चढत. आईशी मिठावरून पुन्हा भांडायला लागले. एकदा मला म्हणाले, "मिनू, तू बाहेर राहून जे करतेयस ना... कर. मी काही बोलणार नाही." तेव्हा कळलं, त्यांना अजूनही वाटतंय मीच आहे! सगळ्यांच्या नकला करणारी मुलगी, आता आत्या होऊन खेळतेय. मी "अहो मी नाही" म्हणायला गेले आणि त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. काय सांगणार होते? की मी नाही, आणि कोण आहे तेही माहीत नाही?

मग स्पर्धेची शेवटची तारीख उद्यावर आली. मी पब्लिशचं बटण दाबलं तर समोर सूचना : पब्लिश केल्यावर टेस्टिंगचे सगळे खेळाडू, स्कोअर, डाव पुसले जातील. पुढे जायचं?

सगळे खेळाडू. म्हणजे तो रिकामा रकानासुद्धा.

मी लॅपटॉप बंद केला आणि नेहाला खोटं सांगितलं की आयकॉन रिजेक्ट झालाय. ती बिचारी रात्रभर नवीन आयकॉन बनवत बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले तर तिनं अशा शिव्या घातल्या की त्या इथे छापता येणार नाहीत. "आज पाचपर्यंत नाही टाकलं ना, तर दोन वर्षांची मेहनत गेली, समजली?" ती बरोबरच होती. पण माझ्या डोळ्यांसमोर पप्पा भिंतीकडे बघत बसलेले दिसायचे.

म्हटलं, पप्पांना सगळं खरं सांगू, मग ते म्हणतील तसं. पावणेतीनला घरी आले. माझा फोन नेहाकडेच चार्जिंगला राहिला होता, हे महत्त्वाचं आहे. खोलीच्या दारात पोचले तर पप्पांची पाठ माझ्याकडे, डाव ऐन रंगात. त्यांच्या खांद्यावरून स्क्रीन दिसत होती. समोरच्याच्या तीन सोंगट्या पोचलेल्या. चौथी मधल्या घरापासून एक पाऊल बाहेर. पप्पांनी कवड्या टाकल्या.

तीन.

मारता येत होती. पप्पांनी बोट त्या सोंगटीपर्यंत नेलं आणि मागे घेतलं. मग त्यांनी दुसरीच सोंगटी चालवली. आणि बोलायला लागले. फोनशी.

"तिरकी होती गं ती कवडी. मला तेव्हाच दिसलं होतं. जिंकायचं होतं म्हणून बोललो मी... मग भाऊबीजेला स्कूटर काढली होती, जीजी. फूलबागेपर्यंत आलो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि परत फिरलो. लाज वाटली. तू पाट मांडून बसली असशील हे माहीत होतं मला..."

आता ऐका. त्या गेममध्ये प्रत्येक चालीला तीस सेकंद मिळतात. वर एक हिरवी पट्टी असते, ती कमी कमी होत जाते आणि संपली की पाळी निघून जाते. ती पट्टी मी स्वतः काढलीय, मला तिचा पिक्सेल न् पिक्सेल माहीत आहे. पाळी समोरच्याची होती. पप्पा पाच मिनिटं तरी बोलत होते, मध्ये थांबत होते, नाक पुसत होते. आणि ती पट्टी पूर्ण भरलेली होती. तसूभरही हलली नाही.

पप्पांचं बोलणं संपलं. मग कवड्या पडल्या.

एक. सोंगटी घरात गेली.

पप्पा वळले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता आणि हसरा होता. "कधी आलीस?"

"आत्ताच."

"जिन्यात उभी राहून खेळत होतीस होय! सगळं ऐकलंस?" माझ्या डोक्यावर टपली मारली. "चल. माझं टेस्टिंग झालं. टाक आता तुझा गेम."

मी नेहाच्या घरी गेले आणि चार चाळीसला बटण दाबलं. रकाना पुसला गेला.

स्पर्धेत काही मिळालं नाही. पप्पा अजून खेळतात, अनोळखी लोकांशी, आणि "कोण हा गाढव!" म्हणून ओरडतात. त्यानंतरच्या दिवाळीत ते आत्याच्या घरी जाऊन फराळ करून आले. नेहानं अख्खा कोड तीनदा तपासला. पट्टी थांबू शकेल अशी एकही ओळ त्यात नाही. चौथा टेस्टर यादीत कधीच नव्हता. मी पण खूप डोकं लावलं, उत्तर नाही मिळालं. आता शोधणं सोडलंय.

लिहितेय ते यासाठी की मागच्या आठवड्यात पप्पांनी पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं, "माझ्या मुलीनं जीजी होऊन मला उठवलं." आणि मी ती तारीफ पोह्यांबरोबर गिळली. तोंडावर खरं बोलायची हिंमत मला आजही नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

पप्पा, ती मी नव्हते. एकही डाव मी खेळले नाही. तुम्ही जे बोललात ते चुकून माझ्या कानावर पडलं, पण तुम्ही ते मला सांगितलं नव्हतंत... आणि जिला सांगितलंत, तिनं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय कवड्या टाकल्या नाहीत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.