चपला घालता घालता बोललेलं

अक्का गेल्याचा फोन राजूरहून आला तेव्हा मी हसनाबादला आमच्या बागेत, मोसंबी तोडणाऱ्या बायकांसोबत चहा घेत होते. मी भाचीला म्हटलं, “बराबर बघ, झोपली असंल.” जेवल्यावर अक्का अशी झोपायची की दारात बँड वाजला तरी कूस बदलायची नाही. पण ती खरंच गेली होती. जेवून, हात धुऊन, पलंगावर आडवी होऊन... कुणाला पाणीसुद्धा मागितलं नाही. दोन महिने झाले. रडून झालंय. आता तिच्याबद्दल लिहायला बसले की आधी हसूच येतं, आणि तिला ते आवडलं असतं.

वत्सलाअक्का माझी थोरली बहीण. तिचा जन्म मुलांच्या निबंधांतलं पाल्हाळ लाल शाईनं खोडण्यात गेला. निवृत्त झाल्यावर आता काय खोडणार, असं मी तिला चिडवायची. तर तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तिच्या लॅपटॉपवर एक फुकटचं, सगळ्यांसाठी खुलं असलेलं साधन बसवून दिलं. तासभराचं भाषण किंवा गप्पा त्यात घातल्या की एआय त्यातलं सार काढून अर्ध्या पानात देणार. काय काढायचं आणि कसं, याच्या सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, साध्या फाइलींत लिहिलेल्या. कुणीही उघडाव्यात, बदलाव्यात, पुढे वाटाव्यात. आंधळा मागतो एक डोळा! तिनं इंग्रजी सूचना बाजूला सारल्या आणि वर्गात उभी असल्यासारख्या स्वतःच्या लिहिल्या : ‘पाल्हाळ नको. जे बोललंच नाही ते मनानं घालू नको. कळलं नसेल तर कळलं नाही असं सरळ लिही.’ सगळ्यात आधी तिनं स्वतःच्या निरोप समारंभातलं अध्यक्षांचं भाषण त्यात घातलं. उत्तर आलं, यात नोंदवण्यासारखं काही सापडलं नाही. त्यावर ती आठवडाभर हसत होती.

माझ्या बागेचं दुखणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. खोडांतून डिंक गळत होता, एकेक झाड वाळत चाललं होतं. यजमानांनी हातानं लावलेली बाग, ते गेल्यापासून मी एकटीनं सांभाळलेली. तोडून टाकायची, असं मी ठरवलंच होतं. अक्का आली, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काशिनाथमामाला विचारू. मंग कुऱ्हाड हायेच.” मामा म्हणजे गावातले सगळ्यात जुने बागवाले. ते आले, दीड तास बोलले. त्यांना विचारून अक्कानं सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. सार निघालं ते असं : पाऊस, गुडघेदुखी, नातवाचं लग्न. बागेचं अवाक्षर नाही.

“तुझं मशीन येडं हाय,” मी म्हटलं.

अक्कानं ते सार पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. “मशीन न्हाई, शकू, मीच येडी. चहा आला अन् म्या फोन बंद केल्ता.”

चहा आला की फोन बंद, ही तिची शिस्त. आणि आमच्याकडे कामाचं बोलणं निघतं तेच मुळी चहा झाल्यावर, माणूस जायला उठल्यावर. मामा निघताना दारात काहीतरी बोलले होते, एवढं आम्हाला आठवत होतं. पण कामाचं सगळं तोवर फोनमध्ये आलंच असेल या भरवशावर मी कपबशा उचलत होते आणि अक्का चार्जर शोधत होती. दोघींच्या चार कानांत एक शब्द शिरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं. “मामा, चालू ठिवते बरं का,” अक्का म्हणाली.

“ठिव की. मी काय चोरून बोलून राह्यलो?”

पुन्हा नातवाचं लग्न झालं, चहा झाला. मामा उठले, एक पाय चपलेत घातला आणि म्हणाले, “काल सांगितलं तं ऐकलं न्हाई तुम्ही. खोडाला पानी टेकून राह्यलंय. आळं लांब घे, डिंक खरवडून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लाव. तोडू नको इतक्यात.”

त्याच दिवशी अक्कानं सूचनेत ओळ वाढवली : ‘चहानंतरचं आणि चपला घालता घालता बोललेलं आधी वाच.’ ती फाइलही तिनं सगळ्यांना खुली करून दिली. अंकुशनगरच्या एका शिक्षिकेनं फोन करून सांगितलं, “मॅडम, आमच्याकडं बी बराबर चालून राह्यलं.” त्या दिवशी अक्काचा रुबाब बघण्यासारखा होता.

आता तो लॅपटॉप माझ्याकडे आहे. परवा चाळताना त्यात ‘शकू’ नावाची फाइल दिसली. मी व्हॉट्सअ‍ॅपवर तिला लांबलचक निरोप बोलून पाठवायची, ते ही बया त्या साधनात घालत होती! सूचना अशी होती : ‘ही माझी धाकटी बहीण. दहा मिनिटं तक्रारी करते, त्या सोडून दे. तक्रार न करता नुसतं “बाकी सगळं बरं हाय” म्हणाली, तर मला लगेच सांग. त्या दिवशी मला हसनाबादला गेलं पाहिजे.’

बाग तोडायचं ठरवलं त्या सकाळी मी तिला ‘बाकी सगळं बरं हाय’ एवढंच बोलले होते. दुपारच्या बसनं ती दारात हजर होती.

आधी मी चिडले. मग खूप हसले, आणि मग रडलेही. फाइल बदलायला मोकळी होतीच. मी खाली एकच ओळ लिहिली : ‘अक्का, मोसंबी यंदा चांगली लागली. बाकी सगळं बरं हाय, आणि या वेळी ते खरं आहे.’