कापसाच्या काट्यावर
वेचणीला बाबा कडुनिंबाला कापसाचा काटा टांगतात, आणि मला त्यावर लोंबकळणारी आमची कुत्री दिसते. बैलगाडीखाली तिचा पाय सापडला, तेव्हा बाबांनी तिला बैलाच्या दुखण्याच्या गोळीचा नखाएवढा तुकडा दिला. दुसऱ्या सकाळी ती ओकू लागली, डांबरासारखं काळं हगू लागली. फोनवर जनावरांच्या डॉक्टरांनी वजन विचारलं. गाठोड्यात बांधून कापसाच्या काट्याला टांगून मोजली, बारा किलो भरली. डॉक्टर ओरडले, “बैलाची गोळी कुत्रीले देत असतात का? किती देल्ली?” “नखाएवढी,” बाबा म्हणाले. “खरं सांगा!” मी गाठोडं खाली ठेवलं. “बाबा, कुत्री लई कण्हत होती. उरलेली मी चारली.” बाबांनी मोटारसायकल काढली आणि तिला दवाखान्यात नेलं. कुत्री वाचली. पण अजूनही घरात कोणाला औषध देण्याआधी बाबा मलाच विचारतात, “तू तं नाई देल्लं?”